फुलांचे रंगीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट करताना या चुका टाळा

लाल जास्वंद आणि हिरवी पानं डोळ्यांना अगदी वेगळी दिसतात, पण रंग काढला की दोन्ही एकाच करड्या छटेत मिसळू शकतात. फुलांचे बहुतेक कृष्णधवल फोटो इथेच फसतात.

नुसतं डिसॅच्युरेट करणं, म्हणजे एका झटक्यात सगळा रंग काढून टाकणं. फोटोशॉपचं डिसॅच्युरेट प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांची सरासरी घेतं. म्हणजे शुद्ध लाल आणि शुद्ध हिरवा एकसारखेच करडे! त्याऐवजी ब्लॅक अँड व्हाइट अ‍ॅडजस्टमेंट लेअर वापरा, त्यात प्रत्येक रंगाची करडी छटा वेगळ्या स्लायडरने उजळ-गडद करता येते. गिंप या मोफत फोटो-संपादन प्रोग्राममध्ये त्यासाठी मोनो मिक्सर आहे. फूल उजळ हवं की गडद, हे आधी ठरवा आणि मगच स्लायडरला हात लावा.

पानांसाठी फक्त हिरवा स्लायडर ओढणं. पानांच्या रंगात पिवळा बराच असतो. हिरवा हलवून फारसा फरक पडला नाही, तर पिवळा कमी करून बघा. फूलच पिवळं असेल तर मात्र तेही काळवंडेल. तिथे मास्क लावावा लागतो, म्हणजे बदल फक्त पानांपुरता ठेवणारा पडदा.

लाल चॅनल (फोटोतली फक्त लाल रंगाची माहिती) जळालेला, म्हणजे कमाल मर्यादेला पोचून तपशील हरवलेला, न ओळखणं. सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. गडद लाल फुलात एकूण हिस्टोग्राम (उजेड-अंधाराचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल चॅनल २५५ला, म्हणजे कमाल आकड्याला, जाऊन थडकलेला असतो. अशा फोटोत लाल स्लायडर वाढवला की पाकळीच्या शिरा गायब होतात, उरतो सपाट पांढरा डाग. चॅनल्स पॅनलमध्ये तिन्ही चॅनल एकेक करून बघा. हिरव्यात शिरा शिल्लक असतील तर चॅनल मिक्सरमध्ये मोनोक्रोम निवडून लाल १०, हिरवा ८०, निळा १० अशी सुरुवात करा. फूल गडद येईल, ते कर्व्हने (छटा उजळ-गडद करणाऱ्या वक्ररेषेने) उचला. निळा फार वाढवू नका, त्यात बहुधा नॉइज (दाणेदारपणा) जास्त असतो. फोटो काढतानाच आरजीबी हिस्टोग्राम चालू ठेवून एक्स्पोजर −२/३ ते −१ स्टॉप, म्हणजे जरा गडद, ठेवलं, तर ही कसरतच टळते.

जेपेगवर टोकाचे स्लायडर. अनेक जेपेग फाइलींत रंगाची माहिती उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी निम्म्याच बारकाईने साठवलेली असते. स्लायडर टोकाला नेला की पाकळीच्या कडेला चौकोनी ठिपके आणि पांढरट किनार दिसते. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) १६ बिटमध्ये उघडा. व्हाइट बॅलन्सही (प्रकाशानुसार रंग जुळवणं) आधीच उरका, नंतर बदलला तर सगळ्या करड्या छटा सरकतात.

पांढऱ्या फुलावर मिक्सर चालवणं. रंगच नाही, तर मिक्सर धरणार कशाला? इथे काम कर्व्हचं. पाकळीचा सर्वांत उजळ भाग २४०-२४५च्या आसपास ठेवा. क्लॅरिटी (मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट वाढवणारा स्लायडर) जपून: जास्त झाली की पाकळी चुरगळलेल्या कागदासारखी दिसते. पुंकेसरांपुरती ती मास्कने द्या, बाकी पाकळ्यांना हात लावू नका.