फ्रॅन बेटर्सची ‘युज्वल’: सशाच्या एका पायातून अख्खी फ्लाय

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात, अ‍ॅडिरॉन्डॅक डोंगरांत ऑसेबल नदीची पश्चिम शाखा मोठमोठ्या धोंड्यांवर आपटत खाली येते. तिच्या काठी, विल्मिंग्टन गावात, फ्रॅन बेटर्स (१९३१–२००९) यांचं दुकान होतं. ट्राउट माशाच्या शिकारीसाठी ते तिथे आयुष्यभर फ्लाय, म्हणजे गळावर केस-पिसं बांधून केलेले नकली किडे, बांधत राहिले. कोंबड्याच्या मानेची पिसं गुंडाळून केलेली नाजूक ड्राय फ्लाय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय, या खळाळत्या पाण्यात दोन-चार फेकींत भिजते आणि बुडते. बेटर्सनी पिसं काढूनच टाकली. हरणाच्या केसांचा एक झुबका पंख म्हणून गळावर उभा केला आणि अर्धवर्तुळात पसरवला. ही त्यांची ‘हेस्टॅक’, १९४०च्या दशकाच्या अखेरीची, म्हणजे ते अजून शाळकरी वयात होते तेव्हाची.

१९७०च्या दशकात अल कोच्ची आणि बॉब नास्टासी या फ्लाय बांधणाऱ्या जोडीने हाच पंख बारीक, नेटक्या रूपात आणला आणि त्याला ‘कंपॅराडन’ म्हटलं. आज जगभर कंपॅराडन बांधली जाते, पण हेस्टॅकचं नाव फार थोड्यांना माहीत असतं. पिसांशिवाय, केसांच्या पंखावर तरंगणारी ड्राय फ्लाय बेटर्सनी त्याआधीच बांधली होती. ते श्रेय त्यांना मिळायलाच हवं.

त्याच कल्पनेचं सगळ्यात शुद्ध रूप म्हणजे ‘युज्वल’. गळ आणि दोरा सोडला तर तिला एकच वस्तू लागते: उत्तर अमेरिकेतल्या स्नोशू या रानसशाचा मागचा पाय. शेपटी, अंग आणि पंख, तिन्ही त्यातूनच निघतात. शिकणाऱ्याने पिसांच्या फ्लायआधी ही बांधावी, कारण हात कुठे चुकतो ते हिच्यात लगेच दिसतं.

सामान

गळ ड्राय फ्लायचा, १२ ते १६ नंबर (नंबर मोठा तितका गळ लहान). सुरुवात १४ पासून करा. दोरा भडक नारिंगी, १४० डेनियर (डेनियर म्हणजे दोऱ्याच्या जाडीचं माप). १६ नंबरसाठी ७० डेनियर. नारिंगी रंग बेटर्सची ओळख आहे. अंगावरची लव भिजली की तिच्यातून दोऱ्याची झाक बाहेर येते, म्हणून इथे काळा किंवा करडा दोरा चालवून घेऊ नका. फिकट पिवळ्या माश्यांच्या दिवसांत पिवळा दोरा वापरतात.

पाय निवडताना वरचे सरळ केस बघू नका, पाय उलटा करा. तळव्यावरचे, बोटांच्या मधले आणि टाचेकडचे केस कुरळे, चिवट आणि थोडे पारदर्शक असतात. चिमटीत दाबून सोडले की ते परत उसळतात. या वळणांत हवा अडकते आणि त्यावरच फ्लाय तरंगते. तळवा मातीने पिवळा पडून केस चिकटले असतील तर तो पाय घेऊ नका. पाळीव सशाच्या पायाला ही उसळी नसते.

पंख आधी

गळ व्हाइसमध्ये, म्हणजे तो घट्ट धरणाऱ्या शिकंज्यात लावा, टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. नेढ्याच्या, म्हणजे दोरी ओवायच्या भोकाच्या, मागे दोऱ्याच्या दोन वेढ्यांइतकी जागा मोकळी सोडा आणि तिथून दांडीच्या मध्यापर्यंत दोरा चढवा. मग नेढ्यापासून एक-तृतीयांश अंतरावर परत या.

तळव्यावरून केसांचा झुबका कातडीला लागून कापा. १४ नंबरसाठी दाबल्यावर तो काडेपेटीच्या काडीएवढा जाड भरला पाहिजे. आखूड केस आणि सुटी लव बुडाकडून ओढून काढा, पण फेकू नका. अंगासाठी तीच लागणार आहे. थोडी लव झुबक्यात राहिली तर राहू द्या, तीही हवा धरते.

केसांची टोकं नेढ्याच्या पुढे येतील असा झुबका दांडीवर ठेवा. पंखाची उंची दांडीच्या लांबीएवढी हवी. पहिले दोन वेढे सैल, मग सहा-सात वेढे जोर देऊन. बुडं तिरकी कापा. सरळ कापलीत तर अंगाच्या मध्येच पायरी तयार होते आणि वरची लव घसरते.

आता टोकं मागे धरून झुबक्याच्या पुढ्यात, अगदी मुळाशी, दोऱ्याचे वेढे एकावर एक रचा. आठ-दहा वेढ्यांचा छोटा बांध झाला की पंख उभा राहतो. हात सोडा आणि बघा. पंख पुढे झुकत असेल तर बांध कमी पडलाय, अजून चार वेढे द्या. मग अंगठ्याचं नख पंखाच्या मुळाशी समोरून दाबा, केस दोन्ही बाजूंना पसरतील. हरणाचे केस दोऱ्याचा दाब बसताच स्वतःहून फाकतात. सशाचे फाकत नाहीत, ते हातानेच करावं लागतं. समोरून पाहिलं तर पंख दांडीच्या वर अर्धवर्तुळ भरणारा दिसला पाहिजे. केस दांडीच्या खाली उतरले तर फ्लाय कलंडते.

टोकं कात्रीने कधीही छाटू नका. पंख लांब झाला तर सोडवून पुन्हा बांधा. छाटलेला पंख बोथट दिसतो, आणि नैसर्गिक टोकं पाण्यावर जसा आधार देतात तसा तो देत नाही.

शेपटी आणि अंग

शेपटीला पंखाच्या एक-तृतीयांश केस पुरतात. यातली लव मात्र पूर्ण काढा, नाहीतर शेपटी पाणी पिते आणि फ्लाय मागून बुडते. लांबी दांडीपेक्षा थोडी कमी. शेपटीची बुडं पंखाच्या बुडांना भिडतील तिथे कापा, म्हणजे दांडीवर खड्डा राहत नाही.

बाजूला ठेवलेली लव बोटांनी विंचरून मोकळी करा आणि चिमूट-चिमूट दोऱ्यावर पिळा. लव जास्त घेणं ही इथली नेहमीची चूक. दोरा तिच्यातून अंधूक दिसत राहिला पाहिजे. शेपटीकडून पंखापर्यंत अंग चढवा, पंखाच्या मागे एक घट्ट वेढा, मग पंखाच्या पुढे दोन वेढे. हे पुढचे वेढे पंखाला मागून-पुढून धरून ठेवतात. ते विसरलात तर पहिला मासा सुटल्यावर पंख आडवा झालेला सापडेल.

नेढ्यामागे व्हिप फिनिशची, म्हणजे दोऱ्याचं टोक त्याच्याच वेढ्यांखाली अडकवणारी शेवटची, गाठ मारा. लाख लावायची तर सुईच्या टोकाने फक्त गाठीवर एक थेंब. लवेत झिरपली की ती कडक होते.

अंगाचे केस इकडेतिकडे बाहेर आले असतील तर येऊ द्या. ही फ्लाय विस्कटलेलीच चांगली चालते.

पाण्यात

चिकट जेल पंखावर लावू नका, केस एकमेकांना चिकटतात आणि हवा निघून जाते. मासा सोडल्यावर फ्लाय पाण्यात खळबळून बुळबुळीत चिकटा काढा, फडक्यात दाबून टिपा, ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या भुकटीत हलवा आणि फुंकर मारा. पंख पुन्हा ताठ होतो.

धोंड्यांच्या मागच्या शांत कप्प्यांत जवळून, सहा-सात मीटरवरून टाका. १४ नंबरला ४एक्स किंवा ५एक्स जाडीचं टिपेट, म्हणजे फ्लायला बांधायचा दोरीचा शेवटचा बारीक तुकडा, घ्या. फेकताना दोरी पिळवटू लागली तर पंख गरजेपेक्षा लांब किंवा एका बाजूला कललेला आहे. वाहत जाऊन टप्पा संपला की लगेच उचलू नका. दोरीला हलका झटका देऊन फ्लाय बुडवा आणि प्रवाहात आडवी फिरू द्या. पाण्याखाली हेच कुरळे केस बाहेर पडणाऱ्या किड्यासारखे हलतात, आणि बरेचदा ट्राउट तेव्हाच धरतो.

भारतात बांधताना

अमेरिकेतल्या वाचकांना हा पाय बहुतेक फ्लायच्या दुकानांत मिळेल. भारतात मात्र रानससा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, त्यामुळे गावठी सोय शोधू नका. हिमाचल किंवा काश्मीरच्या ट्राउटसाठी पाळीव बदकाच्या शेपटीच्या मुळाशी असलेली बारीक फुगीर पिसं घ्या. १४ नंबरला चार पिसं टोकं जुळवून एकत्र धरा आणि वरच्याच क्रमाने उभी करा. अंगाला पाळीव सशाची लव चालते. ही पिसं माशाच्या चिकट्याने लवकर बसतात आणि भुकटी वारंवार लागते, म्हणून अशा फ्लाय डबीत दुप्पट ठेवा.