मोड घालण्याआधी सोन्याचा कस कसा पाहावा

जुनं सोनं मोडीत द्यायचं असेल, तर कस, म्हणजे सोन्याची शुद्धता, आपल्यासमोर पाहायला सांगा. इंग्रजीत ‘अ‍ॅसिड टेस्ट’ म्हणतात ती मुळात हीच तपासणी. नाशिकच्या सराफ बाजारात ती काही मिनिटांत होते. घरी मात्र करू नका. अ‍ॅसिडने कातडी भाजते.

दागिना साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडा करून न्या. मुलामा असू शकतो, म्हणून आतल्या बाजूला कानशीने किंचित घासून मगच कसोटीच्या काळ्या दगडावर साधारण 2 सेंटीमीटरची भरीव रेघ ओढायला सांगा. सांध्याजवळ नको, तिथे जोडायला वापरलेल्या डाकाचा कस कमी असतो. शेजारी माहीत असलेल्या 18 आणि 22 कॅरेटच्या सोन्याची तेवढीच जाड रेघ हवीच. तुलना नसेल तर उरतो तो निव्वळ अंदाज. आता तिन्ही रेघांवरून अ‍ॅसिड एकदमच फिरवायचं.

पितळेची रेघ नुसत्या नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये हिरवट होऊन विरते. पण सोन्याचं प्रमाण जास्त असलं की नुसतं नायट्रिक पुरत नाही, म्हणून 18 आणि 22 कॅरेटसाठी थोडं हायड्रोक्लोरिक मिसळलेलं द्रावण वापरतात. 22 च्या द्रावणात 22 ची रेघ टिकते, 18 ची फिकी पडते. तुमची रेघ कोणाबरोबर जाते ते बघा. टिपायचं, पुसायचं नाही. पुसल्यावर चांगली रेघही निघून जाते.

चूक बहुतेक वेळा रेघेतच होते. पातळ रेघ लवकर विरते आणि चांगलं सोनं हलकं ठरतं, त्यात नुकसान तुमचंच. शंका आली तर दुसऱ्या जागी पुन्हा रेघ ओढायला सांगा, संकोच करू नका.

दगड फक्त घासलेल्या जागेचं सांगतो. बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते. तिचं वजन सोन्यात धरलं जात नाही. म्हणून असा दागिना समोर वितळवून घ्या, आधीचं आणि नंतरचं वजन लिहून ठेवा, आणि वितळलेल्या गोळ्याचा कस पुन्हा पाहा. हिशेब सोपा आहे: 750 कसाच्या (18 कॅरेट) 10 ग्रॅममध्ये शुद्ध सोनं 7.5 ग्रॅम, 916 च्या (22 कॅरेट) 10 ग्रॅममध्ये 9.16.

नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, असेल, तर तो भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपमध्ये टाकून आधी बघा. 1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्क सक्तीच्या दागिन्यांवर तो लागतोच.