सोलापुरात नव्या पेठेतल्या एजन्सीत पहिले सहा महिने

जाहिरात एजन्सीत नवीन लागला असाल तर लगेच डिझाइन करायला मिळेल, ही आशा सोडा. मी पहिले तीन महिने फक्त प्रूफं, म्हणजे छपाईआधीचे नमुने, तपासली. तीसुद्धा एकदा चुकली. गड्ड्याची (संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेची) घाई, टॉवेलच्या दुकानाचं 10 बाय 20 चं होर्डिंग, आणि मोबाइल नंबरात एक आकडा कमी. 200 चौरस फूट फ्लेक्स पुन्हा छापला, भुर्दंड एजन्सीला. सर ओरडले नाहीत, दिवसभर माझ्याशी बोललेच नाहीत. ते जास्त लागलं.

तेव्हापासून नंबर मी नुसता वाचत नाही. प्रूफमध्ये बघून आपल्या फोनवरून लावते. दुकानदार "कोण बोलतंय?" म्हणाला, की पुढचं काम.

नावंही फोनवर ऐकून लिहू नका. आपल्याकडे मराठी, तेलुगू, कन्नड सगळी आडनावं. 'येमुल' की 'येमूल', हे त्यांनाच व्हॉट्सअॅपवर टाइप करायला सांगा. नुसता अंगठा म्हणजे मंजुरी नव्हे, "प्रूफ ओके" असं लिहून घ्या. तोंडी ओके मिळालं तर लगेच मेसेज टाका: "आत्ता बोलल्याप्रमाणे छपाईला देतोय." उर्मटपणा वाटतो, पण पुढे हाच मेसेज वाचवतो.

छपाईला फाइल देताना अक्षरं कर्व्ह करा, नाहीतर त्यांच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसला की रफार आणि जोडाक्षरं कुठंही उडतात. पण कर्व्ह केलं की मजकुराची आकृती होते, त्यात पुन्हा टाइप करता येत नाही. म्हणून आधी वेगळी प्रत ठेवा. रात्री अकराला "सूट 10 नाही, 15 टक्के" असा मेसेज येतोच.

जमलं तर एक संध्याकाळ मशीनवरच्या मामांकडे घालवा. फ्लेक्स कुठं जोडतात, फ्रेमला गुंडाळायला कडेला किती जागा लागते, हे तेच सांगतात. जोडावर नेत्याचा चेहरा आला तर काय होतं, हेही. (चहा तुमच्याकडून.)

तिघांनी एकदम "अर्जंट" म्हटलं तर रडू नका. सरांना विचारा, "यातलं आज कुठलं जाणार?" बहुतेक वेळा आधी पेपरची जाहिरात. पेपरचं पान कुणासाठी थांबत नाही, फ्लेक्स रात्रीही छापता येतो. जास्त ओरडणाऱ्याचं काम आधी घेतलंत तर सगळेच ओरडायला शिकतात.

आणि संक्रांतीच्या आठवड्यात रजा मागू नका बे. यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला सर स्वतःच शटर खाली ओढतात.