लेगोचं शिडाचं जहाज बांधताय? मग या चुका टाळा

शिडाच्या जहाजाच्या मॉडेलमधला दोष नजरेला दिसतो तो वरच्या बाजूला. डोलकाठी पुढे झुकलेली असते, एका बाजूच्या दोऱ्या ताठ आणि दुसऱ्या बाजूच्या लोंबत असतात, नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, पुढे गेलेली बोस्प्रिटची काठी वर उचकटलेली असते. मग माणूस दोऱ्या सोडून पुन्हा बांधत बसतो आणि थोड्याच दिवसांत तेच पुन्हा होतं. कारण दोष बहुतेक वेळा खाली असतो: सांगाड्यात, डेकखालच्या आधारात, किंवा त्याही आधी, मापं ठरवताना. म्हणून इथे जहाज जसं बांधतात तसंच, खालून वर जाऊ.

उदाहरणाला एचएमएस ट्रिंकोमाली घेतो. ही फ्रिगेट, म्हणजे वेगवान युद्धनौका, मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या हाताखाली सागवानात बांधली गेली, १२ ऑक्टोबर १८१७ रोजी पाण्यात उतरली आणि आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगते आहे. मुंबईत बांधलेलं एवढं जुनं जहाज अजून उभं आहे, त्याचे फोटो आणि आराखडे मिळतात. मराठी छंदकारांनी ते अजून फारसं मनावर घेतलेलं नाही याची मला हळहळ वाटते.

मापं न ठरवता विटा जोडायला घेणं

लेगोचं गणित पक्कं आहे. दोन स्टडच्या (विटेवरच्या गोल उंचवट्यांच्या) केंद्रांमधलं अंतर ८ मिमी, विटेची उंची ९.६ मिमी, प्लेटची ३.२ मिमी. मिनिफिगर, म्हणजे लेगोचा छोटा माणूस, साधारण ४ सेंटिमीटर उंच. साडेपाच फुटी माणूस म्हणजे हा मिनिफिगर असं धरलं तर प्रमाण १:४२च्या आसपास येतं. सोयीसाठी १:४० म्हणू. ट्रिंकोमालीचा तोफांचा डेक सुमारे ४५.८ मीटर लांब आणि जहाजाची रुंदी सुमारे १२.२ मीटर. १:४० मध्ये नुसतं धड १४३ स्टड लांब आणि ३८ स्टड रुंद होतं, म्हणजे ११४ सेंटिमीटर, आणि बोस्प्रिट त्याच्याही पुढे. ते कुठे ठेवायचं आणि दारातून कसं न्यायचं, याचा विचार पहिली वीट लावण्याआधी करायचा असतो.

अनेक जण इथे सोपी वाट धरतात. लेगोच्या पायरेट संचांत नाळेचा, मधला आणि मागचा असे धडाचे मोठे तयार तुकडे येतात. मधला तुकडा १६ स्टड रुंद. जहाज मोठं हवं म्हणून मधले तुकडे वाढवत नेले की लांबी वाढते, रुंदी तिथेच राहते आणि युद्धनौकेऐवजी शर्यतीची नाव दिसू लागते. ट्रिंकोमालीची लांबी रुंदीच्या ३.७५ पट आहे. या हिशेबाने १६ स्टड रुंदीला ६० स्टड लांबी झाली की थांबायचं. खोक्यात आणखी दोन तुकडे शिल्लक असले तरी थांबायचं.

धड स्वतः विटांनी बांधणार असाल तर मी ७५ बाय २० स्टड सुचवेन. गुणोत्तर नेमकं जुळतं आणि प्रमाण साधारण १:७६ येतं. रुंदी सम ठेवायला कारण आहे. डोलकाठीसाठी वापरतो त्या २×२ गोल विटेचं ॲक्सलचं (आत घालायच्या दांडीचं) भोक चार स्टडच्या मधोमध असतं. रुंदी विषम असेल तर काठी मध्यरेषेवर आणायला जम्पर प्लेट (मधोमध एकच स्टड असलेल्या) लागतात, आणि जम्परची पकड एकाच स्टडची. पुढे महिनाभराने काठी डुगडुगायला लागते तेव्हा रुंदीच्या या निर्णयाची आठवणही कुणाला नसते. या मापाच्या डेकवर मिनिफिगर मात्र उभे करू नका. माणूस इथे २२ मिमीचा, म्हणजे दोन विटांपेक्षा किंचित उंच असायला हवा. ४ सेंटिमीटरचा खलाशी डेकवर आला की सगळं जहाज लहान वाटू लागतं.

आराखड्यातलं तिसरं चित्र न बघणं

जहाजाच्या जुन्या आराखड्यात तीन दृश्यं असतात: बाजूने, वरून, आणि समोरून-मागून घेतलेले आडवे छेद. पहिली दोन सगळेच वापरतात. तिसरं राहून जातं आणि धडाचा खरा आकार त्यातच असतो. त्या काळच्या युद्धनौकेचं धड पाण्याच्या रेषेजवळ सर्वांत रुंद असतं आणि वर डेककडे जाताना आत झुकतं. उभ्या सरळ भिंती बांधल्या की वर कितीही बारकावे केले तरी ते जहाज वाटत नाही. डेकसुद्धा सपाट नसतो. मध्यात खाली आणि दोन्ही टोकांना वर चढतो. ७५ स्टडच्या जहाजात टोकांना दोन-तीन प्लेटची चढण पुरे होते, पण तोफांच्या खिडक्यांची रांगही त्याच चढणीने वर गेली पाहिजे. डेक वक्र आणि खिडक्या एका सरळ ओळीत, ही चूक चांगल्या मॉडेलांतही दिसते.

आराखड्याची किंमत काय असते हे ट्रिंकोमालीच्याच गोष्टीतून कळतं. तिचे नकाशे एचएमएस जावा या जहाजावरून मुंबईकडे निघाले होते. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या यूएसएस कॉन्स्टिट्यूशनने जावाचा पाडाव केला आणि ते नकाशे गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली, आणि प्रत्यक्ष काम सुरू व्हायला १८१६ साल उजाडलं. वाडियांसारखे कारागीर नकाशा येईपर्यंत थांबले. आपल्याला तर तो घरबसल्या बघता येतो. ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे मूळ आराखडे ग्रिनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे जपलेले आहेत.

मराठा आरमाराची गुराब बांधायची असेल तर अडचण वेगळी. असे तपशीलवार नकाशे नाहीत, वर्णनं आणि चित्रं आहेत. त्यावरून एवढं नक्की कळतं की गुराब लांबीच्या मानाने चांगली रुंद, उथळ पाण्यात चालणारी, बहुधा दोन डोलकाठ्यांची (काही तीनच्याही) आणि पुढे चोचीसारखी लांब नाळ असलेली होती. इंग्रजी फ्रिगेटचंच धड घेऊन त्यावर भगवा लावला की गुराब होत नाही. नाळेपासून सुरुवात करा.

वक्र भिंतीला जबरदस्तीने बसवणं

आता सर्वांत अवघड भाग, आणि मला सर्वांत आवडणारा. धडाच्या भिंती आडव्या किंवा तिरक्या बसवताना लक्षात ठेवायचं समीकरण एकच: पाच प्लेटची उंची १६ मिमी आणि दोन स्टडची रुंदीही १६ मिमी. भिंत आडवी वळवली की या पटीतच ती पुन्हा उरलेल्या विटांशी जुळते. मधे फट राहिली तर ब्रॅकेटचा (काटकोनात वळलेल्या तुकड्याचा) पातळ पापुद्रा १.६ मिमीचा, म्हणजे अर्ध्या प्लेटचा असतो; बहुतेक फटी त्याने भरतात. स्टडच्या मधल्या सापटीत प्लेट उभी खुपसून फट बुजवू नका. सापट ३.२ मिमीची आणि प्लेटही ३.२ मिमीची, त्यामुळे ती बसते, पण ताण घेऊन बसते. अशा जोडातले तुकडे कालांतराने तडकतात, आणि तडकतात ते बरोबर मधल्या थरात, जिथे हात पोचत नाही.

नाळेकडची तिरकी भिंत दोन्ही टोकांना घट्ट जोडायची असेल तर पायथागोरस लागतो. ५-१२-१३ हा त्रिकोण घ्या: पुढे १२ स्टड जाताना ५ स्टड आत आलात तर भिंतीवरचं अंतर पूर्ण १३ येतं आणि टोक पुन्हा नेमकं स्टडवर पडतं. २० स्टड रुंद जहाजात मध्यरेषेपर्यंत १० स्टड आत यायचं असतं. पहिला टप्पा ५-१२-१३चा, दुसरा ३-४-५चा, म्हणजे ३ पुढे आणि ४ आत. दोन्ही मिळून ९ स्टड आत आलो. उरलेला एक स्टड म्हणजे नाळेच्या दोन स्टड रुंद खांबाचा अर्धा भाग. नाळ १५ स्टडमध्ये मिटते आणि फ्रिगेटची ती भरदार, गोलसर नाळ छान उतरते. मोजमाप बिजागरीच्या आसापासून करा. असा त्रिकोण जुळत नसेल तर भिंतीचं एक टोक बिजागरीवर ठेवा आणि दुसरं नुसतं टेकू द्या. दोन्ही टोकं ओढूनताणून अडकवलेली भिंत संपूर्ण धड पिळते. मग डोलकाठ्या एका रेषेत का येत नाहीत, याचं उत्तर वर शोधून मिळत नाही.

धडाच्या आत लांबीच्या दिशेने टेक्निकच्या (बाजूला भोकं असलेल्या) विटांचा कणा हवाच, पण नुसता कणा पुरत नाही. लाकडी जहाजांचीसुद्धा दोन्ही टोकं वजनाने खाली झुकत आणि मधला भाग वर येई. १९व्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश जहाजबांधणीत रॉबर्ट सेपिंग्स यांनी तिरप्या तुळया घालून हा दोष आवरला. लेगोतही उपाय तोच आहे: कणा आणि डेक यांच्यामध्ये टेक्निक बीमचे त्रिकोण. चौकटी कितीही घाला, त्या लचकतात. त्रिकोण लचकत नाही. आतले तुकडे कुठल्याही रंगाचे चालतील असं समजू नका. तोफांच्या खिडक्यांतून आणि फटींतून पिवळा-लाल रंग डोकावतो, म्हणून बाहेरच्या थराला लागून काळे किंवा गडद तुकडेच घाला.

वाडियांच्या परंपरेत कील, म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा, घालताना तीत चांदीचा खिळा ठोकत. ट्रिंकोमालीतही ठोकला होता. कण्यात एक रुपेरी गोल प्लेट घालून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. ती दिसणार नाही, पण जहाजाला तिचा मान मिळतो.

डोलकाठी डेकवर उभी करणं

खरी डोलकाठी डेकवर नसते, डेकमधून खाली कीलपर्यंत जाते. मॉडेलमध्ये ती डेकच्या चार स्टडवर बसवली की दोऱ्यांचा पहिला ताण आला तरी उपटते. ॲक्सल डेकच्या २×२ मोकळ्या जागेतून खाली न्या आणि दोन ठिकाणी पकडा, एकदा डेकच्या पातळीवर आणि एकदा तळाशी. या दोन पकडींत जितकं अंतर जास्त तितकी काठी ताठ. लांब काठीत दोन ॲक्सल जोडावे लागतातच. तो सांधा दोन गोल विटांच्या सांध्याच्या उंचीवर येऊ देऊ नका, नाहीतर काठी तिथेच मोडते.

तळापासून टोकापर्यंत एकाच जाडीची काठी ही दिसण्यातली चूक आहे. डोलकाठी तीन भागांची असते, प्रत्येक वरचा भाग खालच्याच्या पुढे थोडा चढून बसवलेला आणि जास्त बारीक. खाली २×२ गोल विटा, मधे १×१, वर नुसता बार, एवढ्याने काम होतं.

दोऱ्यांचा क्रम चुकणं

इथे लक्षणावरून कारण ओळखता येतं. बोस्प्रिट वर उचकटला असेल तर त्याला खाली ओढून धरणारी, नाळेच्या खांबाला बांधलेली दोरी आधी लावलेली नाही. पुढची डोलकाठी पुढे झुकली असेल तर पुढच्या दोऱ्या ताणून झाल्यावर मागच्या बांधल्या आहेत. सगळ्याच काठ्या एका बाजूला कलल्या असतील तर त्या बाजूच्या दोऱ्यांच्या शिड्या पूर्ण करून मग दुसरी बाजू घेतली आहे. क्रम असा ठेवा: आधी बोस्प्रिट खाली बांधा. मग बाजूच्या दोऱ्या एक डावी, एक उजवी अशा घ्या. त्यानंतर पुढची आणि मागची जोडी एकत्र ताणा. ताण काठी सरळ राहील इतकाच द्या. प्लास्टिक वाकायला लागलं तर तो जास्त झाला.

सुती दोरा हवेतली ओल घेतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात ताण बदलतो आणि उन्हाळ्यात पुन्हा बदलतो, म्हणून पॉलिएस्टरचा दोरा बरा. काठ्या धरून ठेवणाऱ्या स्थिर दोऱ्या डांबर लावलेल्या, त्यामुळे काळपट असत आणि शिडं ओढण्याच्या दोऱ्या फिकट तागाच्या रंगाच्या. सगळ्या एकाच रंगात केल्या की गुंता दिसतो, रचना दिसत नाही. गाठीवर सुपरग्लू टाकू नका. त्याच्या वाफेने आजूबाजूच्या काळ्या विटांवर पांढरा थर चढतो. दोरीचं टोक क्लिपमध्ये अडकवा, म्हणजे पुढे सोडताही येतं.

वारा विसरणं

फुगलेली शिडं आणि मागे फडकणारा झेंडा एकत्र दिसला की समजावं, बांधणाऱ्याने वाऱ्याचा विचार केलेला नाही. चौकोनी शिडं मागून येणाऱ्या वाऱ्याने फुगलेली असतील तर झेंडाही पुढेच उडणार. नांगर टाकलेल्या जहाजावर शिडं गुंडाळलेली हवीत. कापडी शिडं कापण्याआधी कडेला पातळ केलेला फेविकॉल लावून वाळू द्या. धागे सुटत नाहीत.

ठेवण्याच्या चुका

मॉडेल मधोमध एकाच स्टँडवर ठेवलं तर टोकं हळूहळू झुकतात. दोन आधार द्या, दोन्ही टोकांपासून साधारण पाव लांबीवर, आणि तेही कण्याच्या बरोबर खाली. ऊन थेट पडू देऊ नका; पांढरे आणि राखाडी तुकडे पिवळे पडतात. लालसर तपकिरी तुकडे, विशेषतः जुने, ठिसूळ निघतात हे छंदकारांमध्ये सगळ्यांना माहीत आहे आणि जहाजात नेमका हाच रंग सगळ्यांत जास्त लागतो. म्हणून ताण येणाऱ्या जागी, क्लिपला आणि बिजागरीला, काळे किंवा राखाडी तुकडे वापरा आणि तपकिरी रंग फक्त बाहेरच्या थराला ठेवा. धूळ मऊ ब्रशने झटका. धुवायचेच झाले तर आधी शिडं आणि दोऱ्या उतरवा आणि पाणी ४० अंश सेल्सियसच्या वर तापवू नका. जहाज हलवायचं असेल तर डोलकाठ्या दोऱ्यांसकट वेगळ्या निघतील अशी सोय बांधतानाच करून ठेवा, आणि धड उचलताना हात डेकच्या कठड्याला न घालता खाली कण्याला घाला.