पुलावरचा आकडा आणि आपला उंबरा: महापुराआधी घर कसं आवरावं

सांगलीत पावसाळ्यात माणूस भेटला की आधी विचारतो, ‘आयर्विनला किती?’ कृष्णेवरच्या १९२९ सालच्या या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी इथे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ च्या वर गेलं, २०२१ च्या जुलैत ५५ च्या आसपास थांबलं. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि घर नदीच्या उताराला. दोन्ही वेळा घरात पाणी होतं, आणि दोन्ही वेळा पाणी ओसरल्यावर महिना-दीड महिना लोकांच्या चिखलाने भरलेल्या मोटरी माझ्या टेबलावर येत होत्या. त्यातून जे कळलं, ते नदीकाठच्या प्रत्येक घरात पोचावं असं मनापासून वाटतं.

आधी आपला आकडा काढा

पुलावरचे फूट पुलाचे असतात. त्यातले किती फूट झाले की पाणी आपल्या उंबऱ्याला लागतं, हे प्रत्येक घराला वेगळं काढावं लागतं. मागच्या पुरातली भिंतीवरची रेघ फरशीपासून मोजा आणि त्या पुरातल्या सर्वांत जास्त पातळीतून वजा करा. माझ्याकडे २०१९ ची रेघ आठ फुटांवर आहे. ५७ मधून ८ गेले, राहिले ४९. म्हणजे पुलाला ४९ झाले की माझ्या फरशीवर पाणी. पुलाच्या जवळपास हे गणित फूटभर इकडेतिकडे जमतं. लांबच्या ओढ्याकाठी, किंवा वारणा कृष्णेला मिळते त्या हरिपूरच्या बाजूला, मात्र जुन्याजाणत्यांना विचारूनच आकडा ठरवा.

फरशीवर पाणी येण्याआधीच संडासाचं भांडं आणि मोरीची जाळी बोलायला लागते. नदी चढली की गटारांना वाट उरत नाही, वरून पाऊस चालूच असतो, मग पाणी उलटं फिरतं. भांड्यात गुडगुड आवाज येऊन काळे बुडबुडे दिसले की समजा, वेळ संपत आली. दुहेरी प्लास्टिक पिशवीत वाळू भरून ती भांड्यात दाबा, वर पाटा किंवा दगड ठेवा. पूर थांबत नाही, पण घाण पाणी घरात आधी शिरत नाही आणि सामान हलवायला दोन-चार तास मिळतात.

मी दाराच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने तीन आकडे लिहून ठेवलेत. ४२ ला सामान वर, ४५ ला माणसं बाहेर, ४९ ला पाणी घरात. असं लिहिलेलं असलं की ऐन वेळी घरात वाद होत नाहीत. ‘अजून बघू, एवढं काही येत नाही’ म्हणणारं माणूस प्रत्येक घरात असतं; त्याच्याशी भांडण्यापेक्षा दाराकडे बोट दाखवलेलं बरं.

कोयना धरणातून सोडलेल्या पाण्याचा आकडा, म्हणजे विसर्गही, ऐकत राहा. लाख क्युसेक, म्हणजे सेकंदाला लाख घनफूट; दिवसाला साडेआठ टीएमसीहून (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) जास्त पाणी. ते कराडवरून आपल्याकडे यायला वेळ लागतो, आणि तेवढाच वेळ आपल्या हातात असतो. तेव्हा विसर्ग वाढल्याची बातमी आली की आयर्विनला ३८ असले तरी आवरायला घ्या.

काय आधी उचलायचं

बहुतेक लोक टीव्ही उचलतात. मी म्हणेन, वीज आणि मदतीला माणसं आहेत तोवर जड वस्तू घ्या. इन्व्हर्टरची बॅटरी, पाण्याची मोटर, धान्याची पोती. मोटर सोडवताना वायर कुठली कुठे होती त्याचा मोबाइलवर फोटो काढा. कागदपत्रं दोन पिशव्यांत, आणि ती पिशवी पोटमाळ्यावर न ठेवता सोबत न्यायची. लोखंडी कपाट उचलणं जमलं नाही तर निदान खालचे दोन कप्पे रिकामे करा. गच्च भरलेले कपडे आणि वह्या भिजून फुगतात, मग कपाटाचं दार उघडत नाही.

सिलिंडरबद्दल लोकांचा गैरसमज आहे की भरलेला बुडतो. घरगुती सिलिंडर भरलेला असला तरी तरंगतो, कारण त्याच्या आकाराइतकं पाणी त्याच्यापेक्षा जड भरतं. रेग्युलेटर काढा, टोपण घट्ट बसवा आणि गच्चीवर नेता येत नसेल तर खिडकीच्या गजाला उभा बांधा.

फ्रीजचंही तसंच. २०१९ ला मी तो दार बंद करून जागेवर ठेवला. पाण्याने तो उचलला आणि ओसरताना स्वयंपाकघराच्या दारात आडवा टाकला. आत शिरायला मला खिडकीचे गज कापावे लागले. तेव्हापासून वर नेता आला नाही तर तो रिकामा करतो, दारं उघडी ठेवतो आणि दोराने गजाला आवळतो.

निघताना

मेन स्विच बंद. गोठा असेल तर जनावरं आधीच उंचावर न्या; ते जमलंच नाही तर दावी सोडून द्या. आणि एक काम हमखास राहतं, ते म्हणजे गच्चीवरची टाकी काठोकाठ भरून खालचा व्हॉल्व्ह बंद करणं. परत आल्यावर नळाला पाणी नसतं, आणि ते हजार लिटर पाणी त्या दिवशी तुपासारखं वापरलं जातं.

परत आल्यावर

घरात घोटाभर पाणी शिल्लक असतानाच खराटा घ्या. गाळ ओला असतो तेव्हा त्याच पाण्याने भिंतींवरून खाली येतो. पाणी निघून ऊन पडलं की तो सिमेंटसारखा बसतो आणि दहापट मेहनत लागते. पण त्याआधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, पाण्याच्या रेघेसकट. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत घर घाणीत ठेवायची गरज नाही, फोटो हवेत. गमबूट घाला, अडगळीत हात घालण्याआधी काठी फिरवा, साप तिथेच आसऱ्याला बसलेले असतात. पायाला जखम असून त्या पाण्यात उतरला असाल तर लेप्टोसाठी (अशा घाण पाण्यातून होणारा आजार) डॉक्टरांना आवर्जून विचारा.

आता माझं काम. भिजलेली कुठलीही मोटर ‘चालते का बघू’ म्हणून सुरू करू नका. नुसती भिजलेली मोटर बऱ्याचदा वाचते. ओल्यात चालू केलेली जळते. दुकानात आलेल्या कितीतरी मोटरी पुराने गेल्या नव्हत्या, त्या एका बटणाने गेल्या होत्या. वायर सुटी करून मोटर आधी स्वच्छ पाण्याने धुवा. गाळ आत वाळला की वाइंडिंगच्या तारांमध्ये मातीची पापुद्री बसते आणि ती ओल धरून ठेवते. मग खोलून चार-पाच दिवस कडक ऊन द्या. बेअरिंगं बदलाच, त्यात वाळू गेलेली असते.

फ्रीजचा कॉम्प्रेसर हवाबंद असतो, त्यामुळे साध्या फ्रीजमध्ये त्याच्या बाजूचा रिले (कॉम्प्रेसर सुरू करणारा भाग) आणि ओव्हरलोड (जादा भार आला की तो बंद करणारा) बदलला की पुष्कळदा काम भागतं. फ्रीज आडवा पडला असेल तर एक दिवस उभा ठेवून मगच लावा. भिंतीतले स्विच आणि एमसीबी मात्र वाळवून वापरू नका, नवे घाला. पाइपातल्या वायरीत पाणी आठवडेच्या आठवडे राहतं. वायरमनला बोलावून एकेक सर्किट तपासल्याशिवाय मेन टाकू नका.

मोटर वाळली का, हे हात लावून कळत नाही. मेगर, म्हणजे वाइंडिंगमधून वीज गळते का ते मोजणारं यंत्र, लावायला आणा, दोन मिनिटांचं काम आहे. काटा एक मेगाओमच्या खाली असला की मी ती परत देतो आणि सांगतो, अजून दोन दिवस पत्र्यावर ठेवा.