ए-लेव्हलला प्राचीन ग्रीस : सुरुवात कुठून करायची आणि मुलं कुठे अडतात

ग्रीसची ओळख बऱ्याच मुलांना देवादिकांच्या गोष्टींतून आणि सिनेमांतून झालेली असते. इंग्लंडमध्ये ए-लेव्हलला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला, 'एन्शंट हिस्टरी' घेतल्यावर मात्र झ्यूस फारसा भेटत नाही. भेटतात ते खंडणीचे हिशेब, दगडावर कोरलेले ठराव, वल्हेकऱ्यांचे पगार आणि एकमेकांशी न जुळणारे आकडे. विषय अतिशय रसाळ आहे, पण एक गोष्ट पहिल्या दिवसापासून अंगवळणी पडली पाहिजे : ग्रीसबद्दलचं कोणतंही वाक्य लिहिताना ते आपल्याला कुणी सांगितलं, हे माहीत हवं.

आधी परीक्षेची रचना. हा विषय ओसीआर या एकाच परीक्षा मंडळाकडे आहे. एक प्रश्नपत्रिका ग्रीसची, दुसरी रोमची. प्रत्येकी अडीच तास आणि 98 गुण. ग्रीसच्या भागात इ.स.पू. 492 ते 404 हा कालखंड सगळ्यांना असतो. त्याशिवाय स्पार्टाचं राजकारण आणि समाज (478–404), अथेन्सचं राजकारण आणि संस्कृती (सुमारे 460–399) आणि मॅसिडोनियाचा उदय (सुमारे 359–323) यांपैकी एक विषय खोलात शिकायचा; कोणता ते बहुधा शाळाच ठरवते. प्राचीन ग्रीक भाषा येण्याची अट नाही, नेमलेले सगळे उतारे इंग्रजी भाषांतरात असतात.

पहिला आठवडा नकाशाला द्या. कोऱ्या नकाशावर ही 15 ठिकाणं न बघता दाखवता आली पाहिजेत : अथेन्स, पायरियस, मॅरेथॉन, लॉरियन, थर्मोपिली, सॅलमिस, प्लॅटिया, कॉरिंथ, थीब्ज, स्पार्टा, मेसेनिया, डेलॉस, सार्डिस, हेलेस्पाँट, सिराक्यूज. अनेक घटनांची कारणं नकाशावरच दिसतात. अथेन्सचं पुष्कळसं धान्य काळ्या समुद्राकडून हेलेस्पाँटच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून यायचं. म्हणून 405 मध्ये तिथेच, इगॉस्पोटामीला, अथेन्सचं आरमार गेलं तेव्हा शहराची उपासमार अटळ झाली आणि 404 मध्ये शरणागती आली. मेसेनिया स्पार्टाहून टायजेटस डोंगराच्या पलीकडे आहे. तिथली जमीन कसणाऱ्या हेलट, म्हणजे जमिनीला बांधलेल्या गुलाम लोकांच्या श्रमावर स्पार्टाचे नागरिक जगत, आणि त्यांच्या उठावाची धास्ती असल्यामुळे सैन्य फार लांब, फार दिवस पाठवायला स्पार्टा कचरत असे. हा डोंगर लक्षात राहिला तर स्पार्टाच्या परराष्ट्र धोरणावरचा निम्मा निबंध सुचतो.

नकाशावरून आणखी एक गोष्ट लक्षात येते. 'ग्रीस' नावाचं एक राज्य तेव्हा नव्हतं. हजाराहून अधिक नगरराज्यं होती, प्रत्येकाचे कायदे, पंचांग आणि सण वेगळे. 'ग्रीक लोक स्त्रियांना घराबाहेर पडू देत नसत' यासारखं वाक्य म्हणूनच टिकत नाही. कुठले ग्रीक, कोणत्या शतकातले, श्रीमंत की गरीब, हे सांगितल्याशिवाय त्याला गुण मिळत नाहीत.

सालांचा गोंधळ जवळपास प्रत्येकाचा होतो. इ.स.पू. मध्ये आकडा उतरत जातो, त्यामुळे पाचवं शतक म्हणजे 500 ते 401. शून्य साल नाही, म्हणून इ.स.पू. 490 पासून इ.स. 10 पर्यंत 500 नव्हे, 499 वर्षं होतात. पुस्तकात 508/7 असं लिहिलेलं दिसलं की छपाईची चूक समजू नका. अथेन्सचं वर्ष उन्हाळ्याच्या मध्यावर सुरू व्हायचं, त्यामुळे त्यांचं एक वर्ष आपल्या दोन सालांत पसरतं. पाठ करायची तर आधी आठच सालं करा आणि बाकीच्या घटना त्यांच्या मागेपुढे बसवा : 490 मॅरेथॉन, 480 थर्मोपिली आणि सॅलमिस, 479 प्लॅटिया (या चारही पर्शियाविरुद्धच्या लढाया), 478 डेलॉसच्या संघाची, म्हणजे अथेन्सच्या नेतृत्वाखालच्या पर्शियाविरोधी युतीची स्थापना, 454 संघाचा खजिना अथेन्सला हलवला, 431 अथेन्स आणि स्पार्टा यांच्यातल्या पेलोपोनेशियन युद्धाची सुरुवात, 415 सिसिलीची मोहीम, 404 अथेन्सचा पाडाव.

पैशाचं कोष्टक मुलं टाळतात. तसं करू नका. 6 ओबोल म्हणजे 1 द्राख्मा, 100 द्राख्मा म्हणजे 1 मिना, 60 मिना म्हणजे 1 टॅलंट. म्हणजे एका टॅलंटमध्ये 6,000 द्राख्मा. आता हे वापरून बघा. तीन ओळी वल्ह्यांच्या युद्धनौकेवर, ट्रायरीमवर, सुमारे 200 माणसं असत, त्यांतले 170 वल्हेकरी. सिसिलीच्या मोहिमेत माणशी रोज 1 द्राख्मा दिला गेला असं त्या युद्धाचा समकालीन इतिहासकार थ्युसिडिडीज सांगतो. 200 माणसं गुणिले 30 दिवस, म्हणजे एका जहाजाचा महिन्याचा पगार बरोबर 1 टॅलंट. डेलॉसच्या संघातल्या शहरांची पहिली वार्षिक खंडणी त्याच्याच म्हणण्यानुसार 460 टॅलंट होती. हा हिशेब एकदा हाताने केला की साम्राज्याशिवाय एवढं आरमार का पोसता आलं नसतं आणि खंडणी न भरणाऱ्या शहरावर अथेन्स एवढं का चिडायचं, हे वेगळं समजावून घ्यावं लागत नाही.

खंडणीच्या दगडी याद्या वाचताना एक ठरलेली चूक होते. 454/3 पासूनच्या या याद्यांवर शहरांनी भरलेली पूर्ण रक्कम नसते. त्यातला साठावा भाग अथीना देवीला अर्पण व्हायचा आणि तेवढाच कोरलेला आहे. दगडावर 100 द्राख्मा दिसले तर त्या शहराने 6,000, म्हणजे 1 टॅलंट भरला. साठाने गुणायचं विसरलं की पुढचं सगळं विवेचन कोसळतं.

आता साधनांकडे येऊ, कारण विषयाचा जीव तिथे आहे. प्रत्येक उताऱ्याला चार प्रश्न विचारा : लिहिणारा कोण, घटनेनंतर किती वर्षांनी लिहितोय, कुणासाठी लिहितोय, आणि ही माहिती त्याला मिळणं शक्य होतं का. 483/2 मध्ये लॉरियनच्या खाणीतल्या चांदीतून अथेन्सचा पुढारी थेमिस्टोक्लीज याने जहाजं बांधायला लावली. इतिहासकार हेरोडोटस म्हणतो 200. अ‍ॅरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या अथेन्सच्या राज्यव्यवस्थेच्या ग्रंथात 100 आहेत. उत्तरात एक आकडा निवडून दुसरा गाळू नका. दोन्ही द्या, दोघांतला फरक सांगा आणि मग तुमचं मत मांडा. हेरोडोटस पर्शियाचा राजा झर्क्सीज याचं पायदळ 17 लाख सांगतो. एवढ्या माणसांना रोज लागणारं धान्य आणि पाणी यांचा विचार केला तर तो आकडा स्वीकारता येत नाही. पण अथेन्सच्या पुढच्या पिढीला तो विजय केवढा मोठा वाटत होता, हे त्याच आकड्यावरून कळतं. थर्मोपिलीला शेवटी 300 स्पार्टन एकटेच उरले होते, ही समजूतही हेरोडोटसच खोडून काढतो : त्यांच्याबरोबर 700 थेस्पियन स्वखुशीने थांबले होते आणि 400 थीबनही तिथे होते.

'लेखक पक्षपाती आहे, म्हणून साधन निरुपयोगी' हे वाक्य उत्तरात कधीही लिहू नका. पक्षपात हा स्वतःच पुरावा असतो. अथेन्सचा पुढारी क्लिऑन याचं उदाहरण घ्या. थ्युसिडिडीज त्याला अत्यंत आक्रमक म्हणतो. अ‍ॅरिस्टोफेनीसने 424 च्या 'नाइट्स' या विनोदी नाटकात त्याची यथेच्छ टवाळी केली आणि त्या नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं. त्यानंतर थोड्याच काळात त्याच अथेन्सकरांनी क्लिऑनला सेनापती म्हणून निवडून दिलं. नाटक आणि निवडणूक शेजारी ठेवली की दोन गोष्टी कळतात : अथेन्समध्ये पुढाऱ्याची उघड चेष्टा करता येत होती, आणि रंगमंचावरच्या हशावरून मतदाराचा कल ठरवता येत नाही. थ्युसिडिडीजमधली भाषणं हा आणखी एक सापळा. प्रसंगाला काय बोलणं योग्य ठरलं असतं ते आपण लिहिलं, प्रत्यक्ष बोलण्याच्या एकंदर आशयाला शक्य तितकं धरून, असं तो स्वतःच सांगतो. त्यामुळे अथेन्सचा पुढारी पेरिक्लीज याचं भाषण देताना 'पेरिक्लीज म्हणाला' ऐवजी 'थ्युसिडिडीजचा पेरिक्लीज म्हणतो' असं लिहा. एवढ्या बदलाने परीक्षकाला तुमची तयारी दिसते.

अथेन्सच्या लोकशाहीचं नुसतं कौतुक करण्यापेक्षा ती चालायची कशी ते शिका. पाचशेंच्या मंडळात दहा जमातींमधून प्रत्येकी 50 जण चिठ्ठी टाकून निवडले जात. वय किमान 30, आणि आयुष्यात जास्तीत जास्त दोनदा. वर्षाचा दहावा भाग एकेका जमातीचे 50 जण कामकाज बघत. न्यायालयांसाठी दरवर्षी 6,000 पंच चिठ्ठीने निघत. तिथे सरकारी वकील नव्हता, निकाल देणारा न्यायाधीश नव्हता, आणि भाषणाची वेळ पाण्याच्या घड्याळाने मोजली जायची. पंचाला रोजचे 2 ओबोल मिळत, क्लिऑनने ते 3 केले. सेनापती मात्र दहा, आणि ते चिठ्ठीने नाही तर मताने निवडलेले. पुन्हा पुन्हा निवडून येण्याची मुभाही होती. पेरिक्लीजचा दीर्घकाळचा प्रभाव याच फटीतून येतो, हा मुद्दा पुष्कळ उत्तरांत राहून जातो. ऑस्ट्रॅसिझमला, म्हणजे खापरीवर नाव लिहून एखाद्याला हद्दपार करण्याच्या मतदानाला, 6,000 खापऱ्या लागत. त्यात गेलेला माणूस दहा वर्षं हद्दपार, पण त्याची मालमत्ता जप्त होत नसे. ती शिक्षा नव्हती, खटलाही नव्हता.

स्पार्टाबद्दल सर्वांत अवघड बाब म्हणजे या काळातल्या स्पार्टनांनी स्वतःबद्दल जवळजवळ काही लिहून ठेवलेलं नाही. अथेन्सचा लेखक झेनोफन त्यांचा चाहता. चरित्रकार प्लुटार्क इ.स. 100 च्या आसपासचा, म्हणजे तुमच्या कालखंडानंतर सुमारे 500 वर्षांनी लिहिणारा. सातव्या वर्षी मुलाला प्रशिक्षणात घालण्याचा प्रसिद्ध तपशील त्याच्याकडून येतो, तेव्हा तो तसाच नाव घेऊन द्या. राज्यव्यवस्था चटकन पाठ होते : दोन राजे, 60 वर्षांवरील 28 जण आणि ते दोन राजे मिळून वडीलमंडळ, दरवर्षी निवडलेले पाच एफोर, म्हणजे कारभार बघणारे अधिकारी. खरा अभ्यास लोकसंख्येचा आहे. हेरोडोटसच्या मते 479 मध्ये प्लॅटियाला 5,000 स्पार्टन नागरिक लढले, प्रत्येकामागे सात हेलट. 371 मध्ये ल्यूक्ट्राला झेनोफन फक्त 700 नागरिकांचा उल्लेख करतो, त्यांतले सुमारे 400 मेले. शंभर वर्षांत नागरिक एवढे का घटले, यावर मोठा निबंध उभा राहतो. ल्यूक्ट्रा तुमच्या कालखंडाबाहेर आहे, पण घसरण कुठे पोचली हे सांगायला एका ओळीत वापरता येतं.

स्त्रिया आणि गुलाम यांच्याबद्दल लिहिताना जवळजवळ प्रत्येक शब्द स्वतंत्र पुरुषांच्या लेखणीतून आलेला आहे, हे विसरू नका. खटल्यांसाठी भाषणं लिहून देणाऱ्या लिसियसचं एक न्यायालयीन भाषण घरात स्त्रियांचा भाग वरच्या मजल्यावर असल्याचं सांगतं. पण भांड्यांवरच्या चित्रांत स्त्रिया सार्वजनिक कारंज्यावर पाणी भरताना दिसतात. घरात बसून राहणं सगळ्या घरांना परवडणारं नव्हतं. अथेन्सचा धनाढ्य सेनापती निकियस याने 1,000 गुलाम चांदीच्या खाणीत माणशी रोज 1 ओबोल दराने भाड्याने दिले होते, असं झेनोफन लिहितो. दुसरीकडे, एरेक्थीऑन मंदिराच्या बांधकामाच्या हिशेबांत नागरिक, परके रहिवासी आणि गुलाम शेजारीशेजारी एकच काम करताना दिसतात आणि पुष्कळदा मजुरी सारखीच, रोज 1 द्राख्मा, लिहिलेली आहे. गुलामाचा द्राख्मा शेवटी कुणाच्या हाती जात असेल याचाही विचार करा. हे दोन पुरावे एकत्र दिले की 'गुलामांची स्थिती' हा प्रश्न सरधोपट राहत नाही.

परीक्षेत वेळ कमी पडतो तो बहुधा एकाच कारणाने. 98 गुण आणि 150 मिनिटं, म्हणजे गुणाला दीड मिनिट. कालखंडावरचा निबंध 30 गुणांचा, त्याला 45 मिनिटं. आधुनिक इतिहासकाराच्या मतावरचा प्रश्न 20 गुणांचा, 30 मिनिटं. साधनावरचा 12 गुणांचा, 18 मिनिटं. शेवटचा निबंध 36 गुणांचा, 54 मिनिटं. मुलं पहिल्या निबंधात तास घालवतात आणि सर्वांत जास्त गुणांचा शेवटचा निबंध अर्धवट राहतो. सराव करताना घड्याळ लावूनच करा. इतिहासकाराच्या मतावरच्या प्रश्नात नुसतं 'पटतं' किंवा 'पटत नाही' लिहून भागत नाही. त्याच्या एकेका विधानासमोर नेमलेल्या साधनांतला पुरावा ठेवायचा असतो.

घरी मराठी बोलणाऱ्या मुलांसाठी एक सुचवावंसं वाटतं. ए-लेव्हलबरोबर एक्स्टेंडेड प्रोजेक्ट, म्हणजे स्वतः विषय निवडून करायचा संशोधन प्रकल्प, घेणार असाल, तर कार्ले, नाशिक आणि जुन्नर इथल्या लेण्यांतले यवन (त्या काळी ग्रीकांसाठी वापरला जाणारा शब्द) दात्यांचे कोरीव लेख हा सुंदर विषय आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट इथल्या यवनांनी खांब दान दिल्याचं खांबांवरच कोरलेलं आहे. नाशिकला दातामिती इथल्या इंद्राग्निदत्ताने लेणं कोरून घेतलं, जुन्नरला इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या टाक्या दिल्या. हे लेख पाचव्या शतकातल्या अथेन्सच्या कित्येक शतकं पुढचे आहेत, म्हणून पेपरातल्या उत्तरात ते आणू नका. पण इथे दाता स्वतःच्या नावाने बोलतो, आणि प्रश्नही खरे आहेत : भारतीय नावं धारण करणारे, बौद्ध संघाला दान देणारे हे लोक जन्माने ग्रीक होते का, आणि धेनुकाकट नेमकं कुठे? यावर अभ्यासकांत आजही मतभेद आहेत. कार्ल्याचे लेख 'एपिग्राफिया इंडिका' या कोरीव लेखांच्या ग्रंथमालेच्या 7 व्या खंडात आणि नाशिकचे 8 व्या खंडात मूळ पाठ आणि इंग्रजी भाषांतरासह मिळतात. सुट्टीत गावी गेलात तर कार्ल्याला उजेड चांगला असताना जा, खांबांवरच्या अक्षरांचे फोटो तिरक्या प्रकाशात काढा आणि कोणत्या रांगेतला कितवा खांब ते तिथेच वहीत लिहून ठेवा. घरी आल्यावर सगळे खांब सारखेच दिसतात.