कूलंटचा काटा वाचायचा कसा?

पेट्रोलच्या काट्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं. त्याच्याच शेजारी, एका टोकाला सी (गार) आणि दुसऱ्या टोकाला एच (गरम) लिहिलेला, कूलंटचं म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचं तापमान दाखवणारा काटा असतो, त्याच्याकडे मात्र बॉनेटमधून वाफ निघेपर्यंत कुणी ढुंकूनही बघत नाही. आणि बघणाऱ्यांपैकी बरेच जण तो चुकीचा वाचतात. काटा मधोमध म्हणजे सगळं आलबेल, मधोमधच्या खाली म्हणजे त्याहून छान, असा समज असतो. दोन्ही अर्धसत्यं आहेत.

आधी आपल्या गाडीची सवय ओळखा

सकाळी इंजिन पूर्ण गार असताना गाडी सुरू करा आणि काटा बघत राहा. तो सी सोडायला किती वेळ घेतो, शेवटी नेमका कुठे स्थिरावतो, सिग्नलला थांबल्यावर किंवा चढ चढताना जागा सोडतो का, हे तीन-चार दिवस पाहा. स्थिरावलेल्या काट्याचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. एखाद्या गाडीचा काटा मधल्या रेघेच्या केसभर खाली थांबतो, एखादीचा बरोबर रेघेवर. दोन्ही ठीक. दुसऱ्याच्या गाडीशी तुलना करून काही कळत नाही, आपल्याच गाडीच्या कालच्या जागेशी करायची.

तुमच्या गाडीत काटाच नसेल, नुसता दिवा असेल, तर निळा म्हणजे इंजिन अजून गार आणि लाल म्हणजे तापलं. निळा विझेपर्यंत इंजिन रेस करू नका. विझल्यानंतरही थोडा दम धरा, कारण इंजिन ऑइल कूलंटपेक्षा सावकाश तापतं.

काटा थापा मारतो, हे धरून चाला

जुन्या गाड्यांत काटा तापमानाबरोबर खरोखर हलायचा. जरा वर गेला की मालक घाबरून वर्कशॉप गाठायचे. आता बहुतेक गाड्यांत काटा मुद्दाम शांत ठेवलेला असतो. कूलंट साधारण 75 ते 110 अंश सेल्सिअसमध्ये कुठेही असलं, तरी तो मधोमध चिकटून बसतो. हे आकडे गाडीगणिक बदलतात, पण युक्ती तीच. म्हणूनच असा काटा मधल्या जागेवरून बोटभर जरी वर सरकला, तरी ‘थोडंसंच तर गेलंय’ म्हणू नका. आत बरंच काही होऊन गेलेलं असतं.

खरा आकडा हवा असेल तर ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं छोटं यंत्र, वापरा. स्टिअरिंगच्या खालच्या भागात त्याचा सॉकेट असतो, आणि मोबाइलवर कूलंटचं तापमान थेट अंशांत दिसतं. आकडे वाचताना एवढं लक्षात ठेवा: थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) साधारण 82 ते 95 अंशांदरम्यान उघडायला लागतो, चालू गाडीत 85 ते 105 हे नेहमीचं, आणि रेडिएटरचा, म्हणजे कूलंट गार करणाऱ्या जाळीचा, पंखा बहुधा 95 ते 105च्या आसपास लागतो. 100 दिसले म्हणून दचकू नका. निम्मं पाणी, निम्मं कूलंट असं मिश्रण उघड्यावरच 106-107 अंशांना उकळतं, आणि रेडिएटरच्या झाकणाने धरलेल्या दाबामुळे ही मर्यादा 120च्याही पुढे जाते. तेच झाकण सैल किंवा जुनं झालं, तर मात्र ही सगळी सोय संपते.

काटा कधी हलला ते बघा, नुसता किती हलला ते नको

मेकॅनिक पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि निम्मं निदान त्यातच असतं.

ट्रॅफिकमध्ये चढतो आणि गाडी पळायला लागली की उतरतो: पंखा तपासा. गाडी पळताना समोरून वारा मिळतो, उभी असताना सगळी भिस्त पंख्यावर. फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने जा, फ्यूजचं काम दोन मिनिटांचं आहे. एसी लावल्यावरही पंखा फिरत नसेल तर संशय पक्का.

ट्रॅफिकमध्ये ठीक, पण हायवेवर किंवा लांब चढावर वर जातो: इथे पंख्याचा संबंध कमी. कूलंट कमी असणं, रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदलेला असणं, थर्मोस्टॅट पूर्ण न उघडणं, वॉटर पंप दमणं, किंवा हेड गास्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं सील) जाणं.

काटा वर-खाली झोके घेतो: बहुतेक वेळा कूलंट कमी किंवा सिस्टिममध्ये हवा.

काटा वरच येत नाही: थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. ‘माझी गाडी तापतच नाही’ असं कौतुकाने सांगणारे असतात. इंजिन गार राहिलं तर पेट्रोल जास्त जळतं आणि झीजही वाढते. हीटर कोमट हवा फेकत असेल तर खात्री समजा.

गार इंजिन सुरू करताच काटा थेट एचला: सेन्सर किंवा वायरिंग. पाणी काही क्षणात तापत नाही.

शेवटचा प्रकार सगळ्यात फसवा, मी स्वतः त्यात अडकलोय. चढावर काटा वर गेला आणि मग आपोआप झपकन खाली आला. मला वाटलं, सुटलो. प्रत्यक्षात खालचा होज पाइप फाटून कूलंट वाहून गेलं होतं. सेन्सर पाण्यात बुडलेला असतो तोवरच नीट मोजतो, कोरडा पडला की खोटं गार दाखवू शकतो. तापलेल्या गाडीचा काटा कारण नसताना पडला, तर वर गेल्याइतकंच ते गंभीर धरा.

काटा वर जायला लागला तर

एसी लगेच बंद. काचा खाली करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर फुलवर ठेवा. आत घाम फुटेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो, तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडते. मिनिट-दोन मिनिटांत काटा उतरला नाही, किंवा लाल दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. ‘पुढच्या पंपापर्यंत नेऊ’ या हिशेबात हेड वाकतं.

वाफ येत असेल तर बॉनेट उघडायची घाई नको. आणि रेडिएटरच्या झाकणाला हात लावूच नका. दाब सुटताच आतलं तापलेलं पाणी एकदम उकळून तोंडावर येतं. किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. मग वरचा होज पाइप जाड फडक्यातून दाबून बघा. टणक लागला तर अजून दाब आहे, थांबा. मऊ लागला की झाकणावर फडकं टाकून, चेहरा बाजूला ठेवून पाव फेरा फिरवा. फुस्स आवाज आला तर तो पूर्ण थांबेपर्यंत तसंच धरून ठेवा, मगच काढा.

पाणी ओतायचं ते इंजिन निवल्यावर. तापलेल्या इंजिनात गार पाणी पडलं तर धातूला तडा जाऊ शकतो. अडचणीला साधं पाणी चालतं, नंतर मात्र योग्य मिश्रण भरून घ्या. निवडताना रंगावर जाऊ नका, हिरवा-लाल याला काही ठरलेला अर्थ नाही. गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला प्रकार बघा.

त्यानंतर आठवडाभर रोज सकाळी गार इंजिनावर कूलंटच्या टाकीतली पातळी बघा, मार्करने रेघ मारून ठेवली तर उत्तम. पातळी उतरतेय आणि गाडीखाली डाग नाही, तर कूलंट इंजिनाच्या आतच शिरत असू शकतं, म्हणून ऑइलचं झाकण उघडून आत पिवळट, फेसाळ थर आहे का पाहा. थंडीत फक्त जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत असा पातळ थर ओलाव्यानेही धरतो. पण त्याच्या जोडीला एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर असेल, तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.